भाचीच्या भाकरीवरचं तूप

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. नंदुरबारच्या कॉलेजात शिकवते आणि उरलेल्या वेळात रक्तातली चरबी वाहून नेणाऱ्या प्रथिनांवर संशोधन करते. तेल पाण्यात विरघळत नाही, आणि रक्त म्हणजे बरंचसं पाणीच. त्यामुळे भाकरीवरचं तूप आतड्यातून उचलून अंगभर पोचवायला ही खास प्रथिनं लागतात. त्याच वाटेनं ई जीवनसत्त्व जातं. ते लागतं कणभर, पण मिळालं नाही तर नसा खराब होतात. वर्गात मी विचारते, तळोद्याच्या स्टँडवर प्रवासी खच्चून उभे आहेत आणि धडगावला जाणारी जीपच नाही, तर काय होईल? पोरं हसतात, पण त्यांना कळतं.

माझा मोठा भाऊ तापीकाठच्या आमच्या गावी शेती बघतो. त्याची मुलगी, माझी भाची, आता सात वर्षांची आहे. पहिल्यापासून काडीसारखी. दोन वर्षांपूर्वी मी वहिनीला फर्मावलं, घरी म्हैस आहे, पोरीला दोन्ही वेळा भाकरीवर तूप घाला. वहिनी हळूच म्हणाली की तिला तूप पचत नाही, उलटी होते, पोट बिघडतं. झालं, माझा पारा चढला. सगळ्यांदेखत मी तिला सुनावलं की नाही पचत म्हणजे काय, सवय लावा, मी याच विषयात डॉक्टरेट केलीय. त्यानंतर मी फोनवर रोज विचारायचे आणि ती रोज म्हणायची, हो ताई, दिलं. पोरीचं पोट सुधारलं, थोडं वजनही वाढलं. मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

या वर्षी भाची अडखळायला लागली. चपला नीट घाल, खाली बघून चाल, असं मीच ओरडायचे. नंदुरबारच्या डॉक्टरांनी तिचं रक्त तपासायला घेतलं, तेव्हा भाऊ-वहिनीला विचारून मी थोडं माझ्या प्रयोगशाळेत आणलं. मोलगीच्या भगरीतल्या जस्ताचा या प्रथिनांवर काय परिणाम होतो ते मी बघत होते, आणि पडताळणीला लहान मुलाचा एक नमुना हवाच होता.

रक्तातले हे वाहक जेलच्या पातळ थरावर घातले, वीज सोडली आणि रंग दिला की निळे पट्टे उमटतात. भाचीच्या रांगेत एकच पट्टा उमटला. चरबी वाहणाऱ्या मुख्य प्रथिनांचे पट्टे गायब. मी मदतनीस बाईंवर खेकसले, की नमुना उन्हात ठेवला असेल. दुसऱ्यांदा सगळं स्वतः केलं, तेच. तिसऱ्यांदा शेजारच्या रांगेत माझं स्वतःचं रक्त घातलं. माझे पट्टे ठसठशीत आले. तिच्या रांगेत पुन्हा तो एकच.

ही प्रथिनं जन्मापासून बनतच नाहीत असा एक आजार आहे; तो मी पुस्तकातून दरवर्षी शिकवते, पाच मिनिटांत, परीक्षेला येत नाही म्हणून. पुढे ई जीवनसत्त्वावाचून नसा बिघडून चाल अडखळते; पण त्यातलं पहिलंच लक्षण, लहानपणापासून चरबी न पचणं. आणि माझ्याच भावाच्या घरात, माझ्याच तोंडावर, ते मला कुणीतरी सांगितलं होतं.

सुरतच्या मोठ्या डॉक्टरांनी निदान पक्कं केलं. तूप-तेल अगदी बेताचं, आणि ई जीवनसत्त्वाचा भरपूर डोस, जन्मभर. डोस मोठा असला की त्यातला थोडा तरी अंगाला लागतो. पायांचं बिघडणं इथे थांबेल, ते म्हणाले, पण गेलेलं परत येईलच असं सांगता येत नाही.

गावी परतल्यावर वहिनीची माफी मागायची म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. तूप द्यायला लावलं ही माझी चूक, असं म्हणायला लागले तर ती मला थांबवून रडायलाच लागली.

"ताई, मी तुमले खोटं सांगं," ती म्हणाली. "तूप मी तिले दिधंच नही."

आधी थोडंफार द्यायची तेही बंद करून दोन वर्षं तिनं ते तूप देवाच्या दिव्यात घातलं होतं. मी थक्क झाले. पोरीचं पोट सुधारलं ते म्हणूनच. पहिल्यांदा सुटका झाल्यासारखं वाटलं, आणि मग लक्षात आलं. तूप बंद केल्यावर ही पोर बरी होते, एवढं एक वाक्य फोनवर माझ्या कानावर पडलं असतं, तर अख्ख्या जिल्ह्यात त्याचा अर्थ मलाच कळायला हवा होता. ते वाक्य या बाईकडे दोन वर्षं तयार होतं. माझ्या धाकानं तिनं ते गिळलं.

भाची ओट्याला हात लावत लावत आली आणि तिच्या कुशीत शिरली. वहिनीनं डोळे पुसले आणि सरळ माझ्याकडे बघितलं.

"आधीच समजी जातं तर तिन्हा पाय बरा ऱ्हातात का?"

नाही म्हणावं, असं फार वाटलं.

"हो," मी म्हणाले. "आणि वहिनी, तुम्ही सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही."