जेट बारीक पडला

इंजिन सुरू झालं की साहेब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्याच्यावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डावा हात वर करून आम्हाला गप्प करायचे. "आधी ऐकून घ्या." मग डोळे मिटून उभे. आमच्यातला कुणीतरी हमखास म्हणायचा, "लागला का सायबांचा फोन?" साहेब डोळे न उघडता सांगायचे, "लागलाय. तुमचीच तक्रार चाललीय."

पिंपरीच्या कारखान्यात आम्ही इंजिन-टेस्टिंगला होतो. ते इंजिनियर, मी फिटर. मी थेरगावहून सायकल मारत यायचो, साहेब चिंचवडला दोन खोल्यांत राहायचे. चांगली कायम नोकरी, घरी बायको आणि डोक्यात एकच खूळ: शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं तयार करायची आणि त्यावरच पोट भरायचं. सत्तर सालाच्या आसपास असं काही बोललं, की लोकांना घोडेच आठवायचे. सासऱ्यांनी एकदा त्यांना बाजूला घेऊन विचारलं होतं, "जावईबापू, हा घोड्यांचा नाद कधीपासून?"

मद्रासच्या एका शेठनं मात्र त्यांचं पत्र मनावर घेतलं. त्याच्याकडे शर्यतीच्या मोटारसायकली होत्या. त्यातली एक त्यानं पाठवून दिली आणि लिहिलं, ही शर्यतीत शेवटपर्यंत टिकवून दाखवा, मग माझ्याकडे इंजिनियर म्हणून या. वर्षभर शिफ्ट सुटल्यावर साहेब तिच्यावर राबले. मॅनेजरांनी शेडचा एक कोपरा दिला होता. मी मदतीला थांबायचो. पेट्रोल कुठे अडायला नको म्हणून त्यांनी टाकीतली जाळीसुद्धा काढून टाकली होती.

गाडी तयार झाली ती नेमकी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. खंडेनवमीला कारखान्यात प्रत्येक मशीनची पूजा होते, हे तुम्हाला सांगायला नको. लेथला झेंडू, ड्रिलला झेंडू. पूजेचं ताट दरवर्षी माझ्याकडेच असायचं. साहेबांची गाडी मी कशी वगळणार? हँडलला हार घातला, इंजिनला हळद-कुंकू लावलं. तेवढ्यानं माझं समाधान होईना. गावाकडे आम्ही विहिरीत हळद-कुंकू सोडतो, तसं टाकीचं झाकण उघडून चांगली चिमूटभर हळद आत सोडली. साहेबांचं भलं व्हावं, एवढंच मनात होतं.

मद्रासजवळच्या एका जुन्या धावपट्टीवर शर्यत होती. साहेबांनी मला बरोबर नेलं. सहा फेऱ्या आमची गाडी दुसऱ्या नंबरवर होती. सातव्या फेरीत इंजिन जाम झालं आणि स्वार गाडी ढकलत आला.

साहेबांनी कार्ब्युरेटर उघडून जेट बाहेर काढला. जेट म्हणजे पेट्रोल जिच्यातून येतं ती बारीक भोकाची पितळी नळी. भोकात पिवळा चिखल बसला होता. पेट्रोल कमी पडून पिस्टन तापला आणि चिकटला. साहेबांनी ते पिवळं बोटावर घेतलं, हुंगलं आणि माझ्याकडे पाहिलं.

शेठ आला. काय झालं, म्हणून त्यानं इंग्रजीत विचारलं. साहेबांनी बोट पँटला पुसलं होतं.

"जेट बारीक पडला. निवड माझी होती. चूक माझी."

एवढं इंग्रजी मलाही कळलं. शेठनं मान हलवली आणि तो दुसऱ्या गाडीकडे निघून गेला. ज्याला जेट निवडता येत नाही तो इंजिनियर त्याच्या काय कामाचा? मी तोंड उघडायला हवं होतं. आपल्याला इंग्रजी बोलता येत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

परतताना रेल्वेत मी सुरुवात केली, "सायेब, त्ये..."

"जगताप, झोपा. कंपनीत कळलं तर लोक जन्मभर हेच ऐकवतील तुम्हाला."

पुढे त्यांनी शर्यतीचं नाव काढलं नाही. ग्राहकांच्या तक्रारींच्या विभागात बदली मागून घेतली. तिथे इंजिनं नव्हती, नुसती पत्रं होती. जेवणाच्या सुट्टीत भेटले की डब्यातल्या भाजीविषयी बोलायचे. सगळं कबूल करून त्यांचे पाय धरावेत असं मला कितीदा वाटलं. पण नुसतं वाटलंच.

ऐंशी सालानंतर ते हृदयविकारानं गेले. पंचेचाळिशीसुद्धा गाठली नव्हती. तेरावं झाल्यावर मी चिंचवडला गेलो. वहिनींनी चहा दिला.

"तुम्ही मद्रासला बरोबर होतात ना?" त्यांनी विचारलं. "मला सारखं सांगायचे, माझंच चुकलं, जेट बारीक पडला. त्या एका चुकीपायी मन मारून जगले हो. खरंच एवढी मोठी चूक होती का यांची?"

मी कप खाली ठेवला.

"व्हय वहिनी," मी म्हणालो. "मोठी व्हती."