रेडिओवर ह्यांचं नाव

ह्यांना एका अमेरिकन कंट्री गाण्याचं भारी वेड. गिटार, रडवेला आवाज, आणि नवराबायको दोघांत एकच कोट घालून हिवाळा काढतायत, असलं काहीतरी. ब्रिस्टलला आलो तेव्हा ह्यांच्या कारखान्यात ते दिवसभर वाजायचं. मी एकदा विचारलं, "अहो, कोट एकच, मग बाहेर जाताना काय करतात?" तर म्हणाले, "एकत्र जातात."

गेल्या हिवाळ्यात हे केअर होममध्ये गेले. विसरायला लागले होते, जिन्यावरून दोनदा पडले, मला एकटीला उचलवेना. रोज दुपारी मी बसने जायचे. मग तिथे पोटाची साथ आली नि भेटी बंद झाल्या. फोन हे उलटा धरतात. तिथल्या केअररने कळवलं, "सारखे विचारतात, बायको मला सोडून गेली का?"

घास उतरेना हो. चार दिवसांत पोस्टमनशी दोन शब्द बोलले असेन, तेवढंच.

तिथल्या हॉलमध्ये दुपारी रेडिओ मोठ्याने लावतात, लोकांच्या आवडीची गाणी. मी धीर करून रेडिओला फोन लावला आणि ते कोटाचं गाणं मागितलं.

"कोणासाठी, माय लव्हर?" तो रेडिओवाला म्हणाला. इकडे बस ड्रायव्हरसुद्धा असंच बोलतो, आता लाज वाटत नाही.

"माझ्या मिस्टरांसाठी."

"नाव काय त्यांचं?"

झालं! लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. त्यानंतर ना डॉक्टरकडे, ना कौन्सिलला. मी आपली कागद पुढे सरकवायची.

"पुष्कळ नवरे ऐकतायत," तो हसला. "त्यांना कळायचं कसं?"

खरंच होतं ते. डोळे मिटले आणि आडनावासकट सगळं सांगून टाकलं. कान तापले माझे. वर म्हटलं, "मी कुठे गेले नाही म्हणावं. दार उघडलं की येतेच."

त्याने नावासकट निरोप सांगितला आणि गाणं लागलं. ओट्याशी उभी राहून पुरं ऐकलं. मग केअररला फोन केला.

"ऐकलं त्यांनी?"

"ऐकलं की! पाय हलवत होते. पण म्हणाले, त्या नावाचा दुसरा कोणी असेल. माझी बायको माझं नाव घेत नाही." मग तिनेच विचारलं, "खरंच नाही घेत तुम्ही?"

"नाही घेत. बरोबर बोलतायत ते."

मला हसू आलं. मग म्हटलं, "त्यांच्या कानाशी जाऊन फक्त 'अहो' म्हण. मी म्हणते तसं." तिला जमेना. तीनदा म्हणून घेतलं.

ऑफिसातला फोन टेबलावर तसाच ठेवून ती हॉलमध्ये ह्यांच्याकडे गेली. लांबून तिचा आवाज आला, "आऽहो."

ह्यांचं काही ऐकू येईना. मी फोन कानाला धरून उभीच.