झिपाराने पियाला काठोकाठ भरला

डोंगरातल्या आमच्या नारिन गावात झिपाराचं नाव काढलं की आजही कुणीतरी हटकून म्हणतं, "तीच ना ती, काठोकाठ भरणारी?" आणि म्हणणाऱ्याचा चेहरा असा होतो, जणू बाईने कुणाच्या घराला आग लावली. तिने चहा ओतला होता, बस. कसा ओतला आणि का ओतला, हे नीट सांगायला हवं, कारण गावाने आपल्या सोयीचं तेवढंच सांगितलं आहे.

झिपारा तालायची बायको. तालाय घरांना खिडक्या बसवतो. स्वभावाने गरीब, आणि आईपुढे तर त्याच्या तोंडाला कुलूपच. ती स्वतः मेंढपाळांकडून लोकर गोळा करून विकणाऱ्या एका सहकारी संस्थेत हिशोब बघायची. वर्षभर लोकांच्या मागे लागून आकडे जमवायचे, ताळेबंद मांडायचा, आणि शेवटी राजधानीहून, बिश्केकहून एक गुळगुळीत दाढी केलेला माणूस यायचा. तो मांस-चहा झोडायचा, पानं उलटीपालटी करायचा आणि खाली सही ठोकायचा. सहीचा हक्क त्याचा, कारण लेखापालांची मोठी परीक्षा तो पास झालेला. एकदा त्याने विचारलं, "हा घसारा कुणी काढलाय?"

"मी," झिपारा म्हणाली.

"छान काढलाय," तो म्हणाला आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं. झिपाराच्या डोक्यात तिडीक गेली. ती अजून उतरलेली नाही, आणि उतरूही नये.

त्याच आठवड्यात तिने परीक्षेला नाव घातलं. एकेक पेपर सुटत गेला. राहिला शेवटचा, सगळ्यात अवघड, कंपनी आणि तिच्या उपकंपन्यांचा एकत्र ताळेबंद मांडण्याचा. त्यात ती आपटली. पुन्हा बसली, पुन्हा आपटली. आता नियम असा होता की येत्या डिसेंबरात हा सुटला नाही तर मुदत संपणार आणि आधी सुटलेले सगळे पेपरही पाण्यात जाणार. मग पहिल्यापासून सुरुवात, नाहीतर जन्मभर त्या गुळगुळीत माणसाला चहा पाजत बसायचं.

पहिल्यांदा ती का नापास झाली हे तिलाच नीट ठाऊक होतं. तिने ते जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं होतं, रंगीत पेन्सिली घेऊन. ओळींखाली रेघा मारून मारून पुस्तकाचा नमद्याचा गालिचा झाला होता. वाचताना सगळं कळत होतं. पुस्तक उघडं असताना कुणाला कळत नाही? परीक्षेत ते मिटलेलं असतं. दुसऱ्या वेळी तिला येत होतं, पण पहिलाच प्रश्न इतका देखणा सोडवत बसली की शेवटचे दोन कोरे राहिले.

घरात सासूबाई, कालिपा एने, म्हणाल्या, "दोनदा झालं की गं. हौस फिटली असेल ना आता?"

"हौस नव्हतीच, एने," झिपारा म्हणाली. एनेंनी यावर भुवई उडवली आणि तिला गायीची धार काढायला पाठवलं.

आता अडचण वेळेची. तालाय घरातला धाकटा, म्हणजे आईवडिलांचं घर त्याच्याकडे, म्हणजे अख्खं गणगोत त्याच्याच दारात. कुणी बाजाराला आलं की आत, कुणी दवाखान्यात आलं की आत. आणि पाहुणा आला की केलिन, म्हणजे घरची सून, दाराच्या बाजूला, पाणी उकळणाऱ्या समोवारपाशी किटली घेऊन बसणार ती पाहुणा उठेपर्यंत. पियाला अर्धाच भरायचा. त्याहून थोडा कमी असेल तर आणखी चांगलं. अर्धा भरला म्हणजे बसा, पुन्हा देते, घर तुमचंच आहे. काठोकाठ भरला म्हणजे प्या आणि चालू लागा. हे आमच्याकडे पोरीबाळींना बोलायला यायच्या आधी कळतं. त्यामुळे एक पाहुणा, दहा वेळा ओतणं, आणि केलिनला उठायची सोय नाही.

झिपाराने आधी चिडून पाहिलं, रडूनही पाहिलं. मग एक दिवस ती कामालाच लागली. दस्तरखानावर, म्हणजे चहा-जेवणाला पसरलेल्या कापडावर, पुस्तक आणायची बंदी होती, डोकं आणायची नव्हती. चहाला बसण्याआधी ती जुन्या प्रश्नपत्रिकेतला एकच प्रश्न वाचून यायची. पियाले वाटून झाले की मनात तो सोडवायला घ्यायची. पियाले रिकामे होऊन परत येईपर्यंत उत्तर आलं तर ठीक. नाही आलं, तर तेवढंच सकाळी पुस्तकात बघायचं, बाकीच्याला हातही लावायचा नाही. जे येतं ते पुन्हा पुन्हा वाचून स्वतःवर खूश होण्याचे दिवस तिने संपवले. महिन्याभरात तिला पुस्तक मिटूनही उत्तरं येऊ लागली, जी त्या रंगीत पेन्सिलींनी कधी दिली नव्हती.

कधी कधी भलतंच व्हायचं. तालायची थोरली बहीण सोनुन एजे आठवड्यातून दोनदा यायची, आणि तिचा शेजाऱ्याशी कुंपणावरून दावा चालू होता. ती हात नाचवत सांगत होती, "वकील म्हणतो, बहुतेक आपण हरू. आता तूच सांग गं केलिन, मी काय करू?"

झिपाराच्या डोक्यात नेमका खटल्यांचाच प्रश्न चालला होता. ती पटकन म्हणाली, "हरण्याची शक्यता जास्त असेल तर आत्ताच तरतूद करायची. ताळेबंदाखाली नुसती टीप देऊन भागत नाही."

सोनुन एजे बघतच राहिली. "हिला काय झालंय?" तिने एनेंना विचारलं.

"परीक्षा झालीय," एने म्हणाल्या. "ओत गं."

आणि दुसरी गोष्टही तिला तिथेच सापडली, किटलीपाशी. एकदा गर्दी होती, चहा थोडा होता. कुणाचाही पियाला रिकामा राहू नये म्हणून तिने सगळ्यांना घोटघोट दिला आणि मग दुसऱ्या फेरीला निघाली. हात मध्येच थांबला. पेपरात आपण काय केलं होतं? पहिल्या पाहुण्याला अख्खा समोवार पाजला आणि शेवटचे दोघे तसेच उठवले. इतकी वर्षं आपण रोज जे बरोबर करतोय ते तिथेच कसं विसरलो, म्हणून तिला स्वतःचा असा राग आला की तिथल्या तिथे हसू फुटलं. त्या दिवसापासून ती घड्याळ लावून सराव करू लागली. प्रत्येक प्रश्नाला आधी थोडं थोडं, मग दुसरी फेरी.

डिसेंबर आला. पेपर बिश्केकला, सकाळी. आदल्या दुपारी मिरबेकची टॅक्सी निघणार होती. वाटेतल्या दोलोन घाटात बर्फ पडत होतं, त्यानंतर रात्रीची कुणी गाडी काढायला तयार नव्हतं. ही तारीख झिपाराने घरात सगळ्यांना इतक्यांदा सांगितली होती की गायीलाही पाठ झाली असेल. आणि नेमक्या त्याच दुपारी सोनुन एजे आपले नवे व्याही-विहीण घेऊन दारात हजर. तिच्या लेकीचं नुकतंच ठरलं होतं.

झिपाराने तिला स्वयंपाकघरात गाठलं. "एजे, माझा उद्या पेपर आहे. तुम्हाला सांगितलं होतं."

"अगं, परीक्षा काय, पुन्हा येते. व्याही पुन्हा येतात का?"

"ही पुन्हा येत नाही."

"मग नशीब समज. सुटलीस एकदाची," सोनुन एजे म्हणाली आणि तळलेल्या बोरसोकची परात तिच्या हातात देऊन बाहेर गेली.

काय करणार? बसली. विहीणबाई मानाच्या जागी, शेजारी व्याही, मग सोनुन एजे, मग एने, तालाय कोपऱ्यात. अर्धा पियाला, अर्धा पियाला. लग्नात किती मेंढ्या, कुणाला कोट, कुणाला नुसता रुमाल. पियाले परत येत होते, जात होते. विहीणबाई चांगल्या होत्या बिचाऱ्या, त्यांना कशाची कल्पनाच नव्हती. बाहेर हॉर्न वाजला. झिपाराने एनेंकडे पाहिलं. एनेंनी डोळ्यांनीच सांगितलं: बस. झिपाराने तालायकडे पाहिलं. तालायने गालिच्याकडे पाहिलं.

हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांब.

विहीणबाईंचा पियाला परत आला होता. झिपाराने तो घेतला आणि ओतू लागली. अर्ध्यावर तिचा हात थांबला नाही. चहा वर वर चढत काठाला लागला. तो तिने दोन्ही हातांनी, थेंब न सांडता विहीणबाईंसमोर ठेवला. मग व्याह्यांचा भरला. मग सोनुन एजेचा, मग एनेंचा, मग नवऱ्याचा.

"अगं ए!" सोनुन एजे किंचाळली. "माझ्या विहिणीला घालवतेस? नव्या सोयऱ्यांना?"

झिपारा उठून उभी राहिली. आवाज खणखणीत निघाला. "कुणी उठू नका. सावकाश प्या. तुम्हाला जा म्हणत नाहीये मी, एजे. मीच जातेय. परत भरायला मी इथे नसेन, म्हणून एकदाच भरून ठेवलाय."

"उंबऱ्याबाहेर पाऊल टाक तर खरं! परत आलीस की या दस्तरखानावर तुला जागा नाही, सांगून ठेवते!" सोनुन एजे ओरडली.

"जागा होती कधी?" झिपारा म्हणाली. "जागा किटलीला होती."

तिने खुंटीवरचा कोट ओढला, पिशवी उचलली आणि गेली. बाहेर मिरबेकने काच खाली करून विचारलं, "किती वेळ गं? आत काय लग्न लावत होतीस?"

"मोडत होते बहुतेक," ती म्हणाली. घाट लागेपर्यंत ती मागे वळून बघत होती. घाटात मात्र तिने डोळे मिटून उपकंपन्या मांडायला घेतल्या, कारण घरचं काय व्हायचं ते झालेलं होतं आणि पेपर अजून व्हायचा होता.

दुसऱ्या दिवशी पेपर हातात आला आणि पहिलाच प्रश्न पुन्हा तसा, गोड बोलून बसवून घेणारा. एक कंपनी, तिच्या दोन उपकंपन्या, त्यातली एक वर्षाच्या मधेच विकत घेतलेली. हात शिवशिवला. झिपाराने त्याला अर्धा पियाला दिला आणि पुढे सरकली. भाडेपट्ट्याला अर्धा, खटल्याला अर्धा, शेवटच्या प्रश्नालाही अर्धा. मग पहिल्यापासून दुसरी फेरी. एकही पान कोरं राहिलं नाही. ती पास झाली, हे आत्ताच सांगून टाकतो. निकालापायी गोष्ट ताणत बसणं मला जमत नाही. आणि सोनुन एजेच्या लेकीची सोयरीकही मोडली नाही. पण पेपराच्या त्या संध्याकाळी यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक एवढंच होतं की झिपारा परत येतेय.

ती आली तेव्हा दस्तरखान पसरलेला होता. व्याही गेले होते. सोनुन एजे मुद्दाम मुक्काम ठोकून राहिली होती, मानाच्या जागी, हातात रिकामा पियाला घेऊन. दाराजवळ समोवारपाशी एने बसल्या होत्या, किटली पुढ्यात. कालपासून त्याच ओतत होत्या. एक हात गुडघ्यावर दाबून धरलेला.

"आल्या राणीसाहेब," सोनुन एजे म्हणाली. एनेंसमोरची किटली बोटाने दाखवली. "बस. ओत. मग बोलू."

झिपाराने कोट काढला. हात धुतले. मग ती समोवारला वळसा घालून पुढे गेली आणि दस्तरखानाच्या पलीकडे, तालायच्या शेजारी, मांडी घालून बसली. समोरचा एक कोरा पियाला उचलला आणि हात लांब करून धरला. हात खाली घेतला नाही.

सोनुन एजे ताडकन पुढे सरकली. "आई! बघतेस ना? ही तुझ्याकडे मागतेय! तुझ्याकडे!"

एने बघत होत्या. आधी सुनेकडे, मग लेकीकडे. "काल दुपारपासून ओततेय मी तुला," त्या म्हणाल्या. "गुडघ्याची पार वाट लागली. एवढ्यात एकदा तरी म्हणालीस का, आई, दे, मी ओतते?"

"मी? मी पाहुणी आहे!"

"हो ना. आणि ही गाडीतून आलीय." एनेंनी किटली उचलली, सगळ्यांना वाटलं आता सुनेच्या हातात देणार, आणि ती ढकलली थेट तालायपुढे. "तू ओत. तुझी बायको दमलीय."

तालायने आयुष्यात कधी किटली धरली नव्हती. त्याने आईकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि या वेळी गालिच्याकडे पाहिलं नाही. त्याने दोन्ही हातांनी किटली धरली, जशी खिडकीची काच धरतो तशी, आणि बायकोच्या पियाल्यात धार सोडली. थांबायचं कुठे हे त्याला ठाऊक होतं, कसं ते नव्हतं. चहा अर्ध्यावरून वर गेला, काठाला लागला, आणि झिपाराच्या बोटांवरून दस्तरखानावर सांडला.

"घ्या!" सोनुन एजेने टाळी वाजवली. "नवऱ्यानेच घालवली!"

तालाय पांढराफटक पडला. झिपाराची बोटं भाजली होती, तरी तिने पियाला सोडला नाही. ओठ लावून निम्मा चहा पिऊन टाकला आणि पियाला पुन्हा त्याच्यापुढे धरला.

"अर्धा, तालाय," ती म्हणाली. "मी कुठेही जात नाहीये."