धामणबाईचा बल्ब

आमच्या कॉलेजच्या झूलॉजी डिपार्टमेंटमधले आम्ही जुने लोक अजूनही वर्ध्याला जमतो. चहा येईपर्यंत गुडघे आणि जावई आटोपतात, मग कोणीतरी म्हणतंच, "ते बल्बचं सांगा ना!" गोष्ट सत्तरच्या दशकातली, पण एकाचं संपायच्या आत दुसऱ्याला त्याच बल्बचं वेगळं काहीतरी आठवतं.

*

गुलाबराव आमचे लॅब अटेंडंट. नाचणगावची थोडी शेती सांभाळून नोकरी करायचे. कार्तिकातल्या एका सकाळी पिशवीत धामण घेऊन आले. शेपटीजवळ खोल जखम.

"माह्याच वखराखाली आली, सर. हिले चांगली करून वावरात नेऊन सोडीन, तवाच मले झोप लागन."

माशांच्या रिकाम्या काचपेटीत तिला ठेवलं. जखम सुकू लागली, पण थंडी वाढली तसं तिनं खाणंच सोडलं. ऊब पाहिजे, म्हणजे बल्ब पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. कोणता, यावर स्टाफरूममध्ये तीन आठवडे भांडणं झाली.

*

पहिला दोनशे वॅटचा, माझा. अर्ध्या तासात धामण पाण्याच्या ताटलीत जाऊन बसली. गुलाबरावांनी पेटीत उलटा हात धरला, लेकराच्या आंघोळीचं पाणी पाहतात तसा. "सर, हिले शेकाचं हाये, भाजाचं नाई."

फिजिक्सच्या सरांनी ट्यूबलाइट सुचवली. गुलाबरावांनी तिलाही हात लावून पाहिला. "हा तं नुसता उजेडच हाये जी."

*

नाचणगावकडे दिवे लागल्यावर सापाचं नाव घेत नाहीत. आणि आमच्या लॅबमध्ये तर बल्ब चोवीस तास चालू! गुलाबरावांच्या मते ती कायमची दिवेलागण. भर दुपारी मी "साप" म्हणालो की ते दारातून खाकरायचे. त्यांनी धामणीचं नाव "बाई" ठेवलं आणि हळूहळू सगळं डिपार्टमेंट तेच म्हणू लागलं.

*

चाळीसचा बल्ब आणायला ते दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, "कोणासाठी पाहिजे?"

"बाईसाठी. पडून राह्यते. थंडी सोसत नाई, जेवन सोडलं तिनं."

दुकानदार हळहळला. त्यानं बल्ब दिला आणि सोबत चिठ्ठीवर एका चांगल्या डॉक्टरचा पत्ता लिहून दिला. गुलाबरावांनी चिठ्ठी जपून खिशात ठेवली.

*

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी सरड्याच्या आणि सापाच्या डोळ्यांतला फरक विचारला. आमचा विद्यार्थी ठणठणीत आवाजात म्हणाला, "बाईला पापण्या नसतात, सर."

परीक्षक माझ्याकडे पाहत राहिले. दारात उभ्या गुलाबरावांचा चेहरा मात्र उतरला. "म्हंजे तिचे डोये मिटतच नाई? अन् आपन तिच्या तोंडावर रातंदिवस बल्ब जाळून राह्यलो?"

दुसऱ्या दिवशी ते घरून एक जुनं मडकं घेऊन आले, बुडाशी भोक पाडलेलं. चाळीसचा बल्ब त्याच्या पोटात सोडला. उजेड आत राहिला, ऊब बाहेर आली. आम्ही इतके शिकलेले लोक, कोणालाही हे सुचलं नव्हतं. संध्याकाळी बाई मडक्याला वेटोळं घालून बसली होती.

*

आठवड्याभरानं दुकानदार मला रस्त्यात भेटला. "गुलाबरावांच्या बाई जेवल्या का हो?"

"जेवल्या," मी म्हणालो. "काल एक उंदीर खाल्ला."

तो अजून मला नमस्कार करतो, पण थांबत नाही.

*

चैत्रात एका रविवारी गुलाबरावांनी तिला वावरात नेऊन सोडलं. बांधावरून सरसर गेली म्हणे, मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. सोमवारी मी लॅबमध्ये आलो तेव्हा ते रिकाम्या पेटीची काच पुसत होते. मडक्याच्या भोकातून उजेड दिसत होता. ती बरी होऊन गेली याचा आनंद व्हायचा, तर मला काही करमेना.

मी म्हणालो, "गुलाबराव, बल्ब बंद करा आता. साप गेला."

"हळू बोला, सर," ते काच पुसता पुसता म्हणाले. "दिवा लागून हाये अजून."