सोळाचे बत्तीस

आमच्या रुग्णालयाच्या संगणक विभागात सर्व्हर सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणायचे. शिकवल्याशिवाय माणसाला चैनच पडत नसे. सर्व्हरच्या प्रोसेसरमधला एक कोर म्हणजे एक कामगार. हायपर-थ्रेडिंग असलं की त्याच्यापुढे दोन कामं, म्हणजे दोन थ्रेड, ठेवता येतात, एक अडलं की तो दुसरं ओढतो. "पण माणूस एकच, बरं का!" हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

आणि नवा सर्व्हर आला तेव्हा याच महाशयांनी घाईघाईत पडद्यावरचा बत्तीसचा आकडा वाचला आणि बत्तीस कोर धरून वाटणी उरकली. एका यंत्रात चार आभासी सर्व्हर, प्रत्येकाला आठ. सकाळी दहाला चौघे एकदम कामाला लागले की सगळेच मेटाकुटीला यायचे. सर्वात जास्त रखडायचे प्रयोगशाळेचे रिपोर्ट.

बोलणी मात्र खाल्ली तिथे नोंदी करणाऱ्या बाईंनी. बाई पन्नाशी उलटलेल्या. "यांचा हात चालत नाही," असं त्यांचे साहेब तीन महिने चारचौघांत म्हणत होते. बाईंना ठेवायचं की काढायचं, हे शुक्रवारच्या बैठकीत ठरणार होतं.

गुरुवारी दुपारी मास्तरांनी तो आकडा पुन्हा पाहिला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अरे, हे थ्रेड आहेत. कोर सोळाच."

"मग वाटणी गुपचूप बदला की," मी म्हणालो. "कुणाला कळतंय?"

"आणि बाईंचं काय?"

त्या सल्ल्याची मला अजून लाज वाटते.

बैठकीत मास्तर उठले. "चूक माझी आहे. बाईंचा काडीचाही दोष नाही." आमच्या विभागाच्या साहेबांनी त्यांना सगळ्यांदेखत असं झापलं की माझीच मान खाली गेली. सर्व्हरची जबाबदारी तिथल्या तिथे काढून घेतली. बाईंची नोकरी वाचली.

बाहेर आल्यावर मला वाटलं, बाई आता आभार मानतील, नाहीतर चार शब्द सुनावतील. त्यांनी मास्तरांना विचारलं,

"खरंच मशीनच होतं?"

"हो ताई. माझ्यामुळे."

"मी रोज घरी टायपिंगचा सराव करत होते हो," बाई म्हणाल्या. "लेक घड्याळ लावून समोर बसायची. परवा तिला म्हटलं, राहू दे गं, तुझी आई आता कामाची राहिली नाही."