उद्घाटनापूर्वीचा टर्नर

दुसरी पंचवार्षिक योजना आली आणि देशात माणसांचा तुटवडा असल्याचं सरकारच्या लक्षात आलं. आमच्या गावात माणसंच माणसं होती, अर्धी पारावर, अर्धी पाराखाली. पण ती चालणार नव्हती. सरकारला टर्नर हवे होते, फिटर हवे होते, वेल्डर हवे होते. एक साहेब बार्शीटाकळीला येऊन भाषण देऊन गेले की तरुणांनो, कारखाने तुमची वाट पाहत उभे आहेत. मी मॅट्रिक नापास होऊन घरी बसलो होतो. माझीही कुणी वाट पाहतंय हे ऐकून बरं वाटलं.

धर्मांतरानंतर माझ्या बानं गावकीची कामं सोडली होती. मेलेलं ढोर ओढणार नाही, चावडी झाडणार नाही, कुणाच्या मयतीचा सांगावा नेणार नाही. गाव चिडलं. शेतांवरची मजुरी बंद झाली, आणि आई कामासाठी बार्शीटाकळीपर्यंत पायी जाऊ लागली. अकोल्याच्या नव्या प्रशिक्षण केंद्रात मला टर्नरच्या वर्गात प्रवेश मिळाला तेव्हा बा मला गाडीत बसवायला आला आणि एवढंच बोलला, "मशीनवरचं काम शिकाचं. झाडलोटीचं सांगतलं तं त्याच पावली वापस ये."

केंद्रात लोखंड कातायची लेथ मशीन आमच्या आधी येऊन पोचली होती. वीजही आली होती. फक्त मंत्री आले नव्हते. मशीनचं उद्घाटन त्यांच्या हस्ते व्हायचं होतं, आणि त्यांना देशाच्या प्रगतीतून अकोल्यासाठी सवड मिळत नव्हती. उद्घाटनापूर्वी यंत्राला कुणीही हात लावायचा नाही, असा प्राचार्यांचा हुकूम होता. ताडपत्रीत गुंडाळलेली ती मशीन शेडच्या मधोमध उभी असे आणि आम्ही तिच्या भोवती बसून टर्नर होत होतो. मास्तर फळ्यावर मशीन काढत, आम्ही उभं राहून हवेतलं हँडल फिरवत असू. डाव्या हाताने आडवं, उजव्या हाताने उभं. रस्त्याने जाणारे लोक थांबून पाहत. हे कवायतीचं केंद्र आहे असा बऱ्याच जणांचा समज होता, आणि तो अगदीच चुकीचा होता असं मला म्हणवत नाही.

पावसाळ्यात मशीनवर गंज धरायला लागला. ती अधूनमधून पुसून तेल द्यायला हवी, असं मास्तरांनी सांगितलं. आता हात कुणी लावायचा? प्रशिक्षणार्थी लावू शकत नव्हता. प्राचार्यांनी विचार केला आणि ठरवलं की सफाई करणाऱ्याचा हात हा हुकुमात धरायचा नाही. मग त्यांनी वर्गावरून नजर फिरवली. ती माझ्यापाशी येऊन थांबणार हे मला ठाऊक होतं, वर्गालाही ठाऊक होतं. "सफाईचं तू पाहशील," ते प्रेमाने म्हणाले. आपण जातपात मानत नाही असं ते नेहमी सांगत. काम वाटतानाच तेवढी त्यांची सवय मध्ये बोलून जाई.

मी संतापलो. ट्रंक भरायला घेतली. मास्तर खोलीवर आले. जिनिंग फॅक्टरीत उमर घालवलेला हा मुसलमान माणूस हवेतली हँडलं फिरवून माझ्याइतकाच वैतागला होता. "अरे मियां," ते म्हणाले, "लोखंड पकडणारा चक फिरवल्याबिगर त्याची मागची बाजू पुसणार कशी? अन् फिरवाचा तं मोटार चालू करा लागते. सफाई म्हणजे सफाई."

प्राचार्य दुपारी घरी जाऊन जेवत आणि तास-दोन तास वामकुक्षी घेत. तेवढ्या वेळात मी आणि मास्तर सफाई करत असू. त्या सफाईत मी लोखंडी बार पकडायला शिकलो, टूलला धार लावायला शिकलो, आटे पाडायला शिकलो. शेवटी लोखंडाचा कीस झाडून काढायचा, ताडपत्री घालायची, की मशीन पुन्हा मंत्र्यांची वाट पाहायला मोकळी. मला त्या मशीनचं वेड लागलं होतं. गावी मात्र मी फक्त 'मशीनवर काम चालू आहे' एवढंच कळवत होतो.

कापसाच्या हंगामात बा न सांगता आला. भर दुपारी शेडच्या दारात उभा. आत मशीनवर ताडपत्री घालून मी खराट्याने उरलासुरला कीस गोळा करत होतो, खांद्यावर तेलकट फडकं. बाची नजर खराट्यावर गेली.

"हे तं गावातई होतं," तो म्हणाला. "चाल घरी."

सांगून पटलं नसतं. मी ताडपत्री ओढून काढली, बार लावला आणि मोटार चालू केली. मास्तर "आता बस्स, आता बस्स" म्हणत होते, पण मला थांबायचं नव्हतं. लोखंडाची लांब लांब वळणं सुटू लागली. बा पुढे आला, वाकून पाहू लागला. त्याच्या मागोमाग प्राचार्यही आले. त्या दिवशी त्यांना झोप लागली नव्हती.

"उद्घाटनापूर्वी यंत्र चालवलं कुणी?" ते ओरडले.

"काहून सायेब?" बानं विचारलं. "सरकारनं मशीन नुसती पाह्याले घेतली का?"

संध्याकाळच्या आत माझं नाव कमी झालं. शिस्तभंग.

मंत्री पुढच्या वर्षी आले, फीत कापली, टर्नर कमी पडताहेत म्हणून हळहळले. माझ्या वर्गातली पोरं तोवर प्रमाणपत्रं घेऊन रोजगार कार्यालयाच्या व्हरांड्यात बसली होती. मास्तरांच्या शब्दावर मला एका जिनिंग फॅक्टरीनं लेथवर घेतलं. प्रमाणपत्र नसल्यामुळे सरकारदरबारी मी आजन्म अकुशल राहिलो.

पण त्या दिवशी यातलं काही ठाऊक नव्हतं. अकोल्याच्या मोटार स्टँडवर ट्रंकेवर बसून मी ढसाढसा रडत होतो. आईची सारी पायपीट वाया घालवली होती. बा शेजारी बसला होता.

"कायले रडतं बे?" तो म्हणाला. "आपल्या लोकायले आजलोक लय जाग्यावरून हाकललं. हिरीवरून हाकललं, देवळातून हाकललं. मशीन चालवली म्हणून हाकललेला तूच पयला."

आणि गाडी लागेपर्यंत त्यानं ही गोष्ट पानवाल्याला सांगितली, हमालाला सांगितली, शेवटी कंडक्टरलाही सांगितली.