गारठ्यातले मासे आणि माझं जेवण

मंडळी, हात अजून गार आहेत, पण आजचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बाबा लग्नासाठी मैंदर्गीला गेलेत आणि कुंभारीच्या शेततळ्यातले मासे माझ्या भरवशावर आहेत. आमच्या घरची पहिली शिकवण म्हणजे मुक्या जिवांना घातल्याशिवाय आपण जेवायचं नाही.

सकाळी तळ्यात सोडलेली खाद्याची पिशवी दोरीनं वर ओढली, तर कालची पेंड तशीच होती आणि तिला आंबूस वास येत होता. पाण्यावर एक तरंग नाही. सगळे मेले की काय, की शिळी पेंड नको झाली? घाईनं नवी पेंड भरू लागले, तसा सोबत आलेल्या काकूनं माझा हात धरला.

"खुळी हायस का? गारठ्यात मासं तळाला बसत्यात, खात न्हाईत. ही पेंड कुजली की पाणी नासतंय, मग मरतील की!"

"पण उपाशी राहतील ना?"

"पहाटंच्या थंडीत तू तरी गोधडीतनं उठतीस व्हय जेवायला?"

दुपारपर्यंत मी काठावरच बसले, उपाशी. उथळ कडेचं पाणी उन्हानं जरा तापलं, तेव्हा मासे खातात का ते बघायला काकूनं दोऱ्याला कणकेची गोळी बांधून सोडली. गळ मी लावू दिला नाही. दोऱ्याला हिसका बसला आणि माझा जीव भांड्यात पडला. तिथंच मूठभर पेंड टाकली.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. "आज मूठभरच घातली," मी घाबरत सांगितलं.

"बरं केलंस. मग तू जेवलीस का?"

आत्ता जेवतेय. तुमच्या घरी असा नियम आहे का? आणि समोरचा खातच नसेल, तर तुमच्या घशाखाली घास उतरतो?